टाका कुठे घालायचा

दोन वर्षांच्या यायराच्या हृदयावर पेसमेकरची तार उजव्या कप्प्यावर शिवू नका, डाव्याच्या खालच्या टोकावर शिवा, असं डॉक्टर झीफा सहा वर्षांपूर्वी भर बैठकीत म्हणाली होती. सर्जन बोआडू हसले होते. "पोरी, तू कागद वाच. हृदयं मी शिवतो."

तार उजवीकडे बसली. दोन वर्षं पोर बागडली, मग उजवीकडूनच ठोके बसत राहिल्याने तिचं हृदय फुगत गेलं. बोआडूंनी केसपेपरवर लिहिलं, 'औषधांकडे डॉ. झीफा यांचं दुर्लक्ष.' झीफाची राजधानी अक्क्राहून थेट दूर उत्तरेतल्या टमालेला रवानगी झाली. तिथे तिने हा राग विझू दिला नाही.

यंदा ती परतली ती विभागप्रमुख होऊन. पहिल्याच आठवड्यात एसिनाम आपल्या लेकीला, यायराला, पाठीवर घेऊन आली. आठ वर्षांची पोर, पण तिला चार पायऱ्या चढवत नव्हत्या.

तार हलवायची तर इस्पितळात सर्जन एकच. झीफा बोआडूंच्या खोलीत गेली, बसली मात्र नाही.

"टाका मी सांगेन तिथे घालायचा. त्याआधी हा केसपेपर दुरुस्त करायचा. तुमच्या हाताने."

"जुनं उकरून काय मिळणार तुला?"

"तुला नाही, तुम्हाला म्हणायचं. लिहिणार नसाल तर हाच कागद घेऊन मी चौकशी मागते."

बोआडूंनी लिहिलं. पेन दोनदा अडखळलं.

ऑपरेशनच्या वेळी झीफा मॉनिटरच्या पडद्यासमोर उभी राहिली. तार योग्य जागी टेकली की आकडा चढणार होता. "जुन्या तारेवर रक्तदाब किती?"

"बासष्ट," भूलतज्ज्ञ म्हणाली.

"आता नवी तार डाव्या कप्प्याच्या बाजूला टेकवा, सर."

"सत्तर."

"खाली. अगदी टोकावर."

"एक्क्याऐंशी."

"पुन्हा जुनीवर या. मग परत टोकावर. सगळ्यांना नीट दिसू दे."

तशी गरज नव्हती. बोआडूंना ते कळलं, बाकीच्यांनाही कळलं. त्यांचे कान लाल झाले, पण त्यांनी तसं केलं. आकडा पडला, पुन्हा चढला. झीफाला आतून गारगार वाटलं.

"आता शिवा," ती म्हणाली.

चार महिन्यांत यायराचं फुगलेलं हृदय आक्रसून पुन्हा नेहमीच्या आकाराला आलं. तपासणीला आली तेव्हा ती मक्याच्या केंकेवरून आणि तळलेल्या मासळीवरून आईशी कडाडून भांडत होती.

बोआडूंनी झीफाला जिन्यात गाठलं. "तुमचं बरोबर होतं."

"माहीत आहे." तिने त्यांच्या हातात यादी ठेवली. "तुम्ही उजवीकडे शिवलेली आणखी तेरा मुलं आहेत. सोमवारपासून सुरू करू. प्रत्येक वेळी मी समोर उभी असेन."