एका उंचीच्या दोन नळ्या

मित्रांनो, बोळाच्या टोकाला दाराआड उभे असलेले, पोटाला पोचे पडलेले हे यंत्र म्हणजे मी. मी एक जुने सेंट्रिफ्यूज आहे. नळ्या गरगर फिरवून जड ते तळाला बसवायचे, हा माझा धंदा. ऐकायला साधा वाटतो; पण माझ्या पोटातल्या थेंबावर त्याच्या वजनाच्या हजारो पट भार पडतो. आयुष्यभर मी चिरडतच आले.

माझ्याकडे येणारेही मार खाऊन येत. उकळत्या झऱ्यातले जिवाणू धाकटी आधी ध्वनीच्या तडाख्यांनी फोडायची. धाकटी म्हणजे प्रयोगशाळेतली सर्वांत नवी संशोधक. त्या जिवाणूंजवळ एक कात्री असते. विषाणू आत घुसला की ती त्याच्या डीएनएचे ठरावीक जागी तुकडे पाडते. ही कात्री म्हणजे एक विकर, एन्झाइम. ते वेगळे काढून, ते नेमके कुठे कापते, हे धाकटीला शोधायचे होते. पण झरा बुजवला गेला होता, साठवणीतले जिवाणू मेले होते. उरला होता एका नळीपुरता रस.

त्यात तिने भरपूर क्षार विरघळवला. अशा दाट पाण्यात विकर साकळते, आणि ते मी तळाला बसवते. मात्र समोरच्या खाचेत तेवढ्याच वजनाची नळी लागते. ती दादाने भरली, साध्या पाण्याने. दादा तिच्याहून जुना. हाताने चपळ, तोंडाने त्याहून.

"वजन केलंस का रे?"

"दोन्ही एका उंचीला आहेत, बघ की! मी काय सोनार आहे?"

धाकटी हसली. क्षाराचे पाणी जड असते, हे शाळेपासून ठाऊक असलेली ती दोघे!

मी वेग घेतला आणि आतून पहिला धक्का बसला. मग दुसरा. मी किंचाळले, जमिनीवरून उसळले, भिंतीकडे धावत सुटले. धाकटी बटणाकडे झेपावली.

"मरशील! हो मागे!" दादाने तिला दंडाला धरून भिरकावले. तिचे स्टूल माझ्याखाली चुरडले. पोटातले चाक फुटले, तुकड्यांनी मला आतून फाडले. झाकण तेवढे मी सोडले नाही. पण दादाचा हात माझ्या आणि भिंतीच्या मध्ये सापडला होता.

"माझं राहू दे," तो विव्हळला, "नळी बघ आधी. सांडून जाईल सगळं!"

"नळी गेली खड्ड्यात! हात वर धर, दादा." तिने ओढणीने हात आवळला आणि त्याला घेऊन ती दवाखान्यात धावली.

दुसऱ्या दिवशी तिने माझे झाकण उचकटले. नळी फुटली होती. माझ्या पोटाच्या तळाशी रक्तासारखा गंजकट चिखल होता. डोळे पुसत तिने तो टिपून घेतला, गाळला, पासष्ट अंशांवर डीएनएसोबत ठेवला. दुसरे एखादे विकर त्या उकाड्यात केव्हाच मेले असते. हे उकळत्या पाण्यात जन्मलेले! डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलवर ठसठशीत पट्ट्या उमटल्या. कात्री जिवंत होती.

दादाची दोन बोटे मात्र गेली. मीही पुन्हा फिरले नाही.

नवे विद्यार्थी आले की दादा त्यांना माझ्यापाशी आणतो, उरलेली तीन बोटे माझ्या पोच्यावर ठेवतो आणि म्हणतो, "तराजू आत उजवीकडे आहे."

मित्रांनो, तेवढे ऐका. आमच्या पोटात काही ठेवण्याआधी तोलून बघा. आम्हा यंत्रांना थांबा म्हणता येत नाही.