देवीचं आवतण आणि काळी यादी

जत्रेची तारीख पंचांगात सापडत नाही. देवीला कौल लावायचा, ती उजवा देईल तो दिवस धरायचा आणि मग मुंबईच्या चाकरमान्यांना कळवायचं. २००४ साली गावाने हे काम यतीनच्या गळ्यात घातलं, कारण मालवणच्या बाजारात त्याचं सायबर कॅफे होतं. गड्याने हौसेने तीनशे चाळीस पत्ते जमवले आणि रोज पन्नास-पन्नास जणांना ईमेल पाठवायला लागला.

तिसऱ्या दिवसापासून सगळे ईमेल परत यायला लागले. यतीनचा पत्ता नको ते ईमेल धाडणाऱ्यांच्या कुठल्याशा परदेशी काळ्या यादीत गेला होता आणि ती यादी मानणाऱ्या कंपन्या त्याचं काहीच आत घेईनात. यादी चालवणाऱ्या उंटावरच्या शहाण्यांनी वर विचारलं, या लोकांची आधी संमती घेतली होती का? यतीनचं डोकंच फिरलं. देवीच्या जत्रेला बोलावताना संमती कोण मागतं? चोर सोडून संन्याशाला फाशी देता, असं त्याने मोडक्या इंग्रजीत चार वेळा लिहून पाहिलं. उत्तर एकच: तक्रार करणाऱ्याचं नाव गाळा, त्याला पुन्हा लिहिणार नाही असं कबूल करा. सोबत तक्रारीची नक्कल होती. खाली नाव होतं यज्ञेशचं.

यज्ञेश म्हणजे मासळी विकणाऱ्या यमुनाकाकीचा एकुलता एक मुलगा. सहा वर्षांपूर्वी भांडून मुंबईला गेला, तो फिरकला नव्हता की काकीच्या पत्रांना त्याने उत्तर दिलं नव्हतं. काकीनेच कुणाकडून तरी त्याचा ईमेलचा पत्ता मिळवून दिला होता. माझ्यासाठी नाही तर देवीसाठी तरी येईल, एवढी एकच आशा धरून ती रोज पाटी रिकामी झाली की कॅफेच्या दारात यायची.

आजही आली. "यज्ञेशाचा काय इला रे?"

दोन दिवस यतीनने थापा मारल्या होत्या. पण जत्रा बारा दिवसांवर आली होती आणि मुंबईत निम्म्याहून अधिक गावाला अजून तारीखच माहीत नव्हती.

"काकीनू, बसा," तो म्हणाला आणि त्याने सगळं सांगितलं. सांगताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकीने रिकामी पाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "काढ तेचा नाव. लोकांची जत्रा कित्याक चुकवतंस?"

यतीनचा हात काही पुढे होईना.

"तेना वाचल्यान मां, पण?" तिने विचारलं.

"वाचल्यान, काकीनू."

"सहा वर्सां माका वाटत होता," काकी म्हणाली, "माझी पत्रां तेका गावनतच नाय."