दवाखान्याच्या फाटकासमोर

मित्रांनो, गोठ्यामागे मोडक्या चाकांवर कलंडलेली ही दमणी तुमच्याशी बोलते आहे. दमणी म्हणजे माणसे न्यायची हलकी, छपराची बैलगाडी. वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चालायचा, त्या काळात देऊळगाव राजाच्या एका सुताराने मला घडवले. काम संपल्यावर माझ्या चाकावर हात ठेवून तो म्हणाला, "हिच्यात निजलेलं लेकरू जागं होनार नाई."

मला विकत घेतले रुखमाबाईंनी. नवरा वारल्यावर त्या मला भाड्याने देत आणि त्यावर घर चालवत. त्यासाठी नगरपालिकेचा परवाना लागे. म्हणून माझ्या पाठीला नंबराची पत्र्याची पाटी होती. कितीतरी नवऱ्या मी सासरी पोचवल्या, लोकांनी मला वाखाणले. पण आज मला ते सांगायचे नाही. आज मला माझा राग सांगायचा आहे.

शेजारच्या गावच्या निवृत्तीने एकदा मला भाड्याने नेले. त्याची बायको गोजरबाई दोन दिवसांपासून बाळंतपणात अडली होती. शहरातल्या दवाखान्याच्या फाटकाशी मला उभे करून त्याने तिला उचलून आत नेले. तेवढ्यात नगरपालिकेचा शिपाई रंगराव आला. त्याने माझा नंबर लिहून घेतला, माझ्या जुवाला एक चिठ्ठी बांधली आणि निघून गेला. माझ्या साटीवरच्या, म्हणजे बसायच्या तळावरच्या, गवताला अजून रक्त लागलेले होते. त्याने आत वाकून पाहिलेसुद्धा नाही.

आठ दिवसांनी रुखमाबाईंकडे कागद आला. गाडी मनाईच्या जागी उभी केली, जुवाला चिठ्ठी बांधूनही कोणी आले नाही, दंड भरा, तोवर परवाना बंद. कोतवालाने माझी पाटी काढून नेली.

रुखमाबाई मला जुंपून थेट निवृत्तीच्या दारात गेल्या. "काऊन बे, चिठ्ठी मले काऊन नाई दाखवली?"

निवृत्ती खाली मान घालून म्हणाला, "काकू, भेव वाटलं. हिले दर आठवड्याले दवाखान्यात न्यायचं आहे. तुमी पुन्हा दमणी नाई देसान, असं वाटलं."

दारात गोजरबाई भिंतीला धरून उभी होती. कडेला पाळण्यात बाळ होते. रुखमाबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. त्यांचा राग गेला नाही, पण तो आता निवृत्तीवर नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्या नगरपालिकेत गेल्या. कारकून चिंतामणराव म्हणाले, "दंड भरा बाई, मिटून जाईल."

"दंड भरला म्हंजे मी गुन्हा केला असं होते. मनाई कुठी लिहिली, ते दाखवा."

चिंतामणराव आणि रंगराव दोघेही त्यांच्यासोबत दवाखान्याच्या फाटकाशी आले. तिथे एक पाटी होती, सगळी इंग्रजीत. रुखमाबाई रंगरावाला म्हणाल्या, "वाच."

रंगरावाने पाटी वरपासून खालपर्यंत न्याहाळली. मग हळूच म्हणाला, "मले इंग्रजी येत नाई, बाई."

"तुले येत नाई, अन् निवृत्तीले यावं?"

चिंतामणरावांनी वाचून दाखवले, फाटकासमोर गाड्या उभ्या करू नयेत.

"अन् गाडीत आजारी बाई असली तर?"

"ते लिहिलेलं नाही," चिंतामणराव म्हणाले. "मी वर लिहून पाहतो."

वरून उत्तर येईना. पण बंदी फक्त भाड्याने देण्याला होती. रुखमाबाईंनी पुढच्या आठवड्यात गोजरबाईला फुकट नेले, स्वतः कासरा धरून, आणि मला नेमके त्याच फाटकाशी उभे केले. पाटी नसली तरी मला ओळखून रंगराव वही काढून आला.

"लिही," त्या म्हणाल्या. "पन आदी आत पाह्य."

तो वाकला. गोजरबाई बाळाला पोटाशी धरून, ओठ दाबून बसली होती. त्याने वही मिटली आणि तो बैलांसमोर जाऊन त्यांना धरून उभा राहिला, ती उतरेपर्यंत.

दीड महिन्याने दंड माफ झाला. माझी पाटी परत आली. चुकलो, असे कोणी म्हटले नाही. पुढे मोटारी आल्या, मी मागे पडले. माझा राग मात्र अजून तसाच आहे.

मित्रांनो, मला पुन्हा रस्त्यावर न्या, असे मी म्हणत नाही. उद्या तुम्हीही कुठे साहेब व्हाल, कुठे शिपाई व्हाल. दारात उभ्या असलेल्या गाडीचा नंबर लिहिण्याआधी एवढेच करा. वाका, आणि आत कोण आहे ते पाहा.