कवडीचा घास

"काकू, ते मांजर आज सांजच्या आत गावाभाईर गेलं पाह्यजे. तुमच्यानं होत नसंल तर म्या पोत्यात घालून नेतो."

भुजंग ओसरीच्या पायरीवर एक पाय ठेवून उभा होता. साळूबाई चुलीपुढून उठली नाही. तिनं तव्यावरची भाकर उलटली, तिच्यावर पाण्याचा हात फिरवला आणि मग बोलली.

"पोत्यात तुझ्या सासऱ्याला घाल. लई दिसापून येऊन बसलाय म्हनं घरात."

"मस्करीची येळ न्हाई काकू. काल तुमच्या कवडीनं हा एवढा उंदीर माझ्या दारातून वढत नेला. लेकरं खेळून राह्यली व्हती तिथं. त्या उंदराच्या पिसवा लेकरायच्या अंगावर गेल्या तर?"

"उंदीर धरते म्हणून तर पोसली न तिला!"

"इतके दिस बराबर व्हतं. आता ते दिस न्हाई राह्यले."

१९९४ सालचा भादवा संपत आला होता. बीडकडं एका गावात आधी उंदीर मेले आणि मागून माणसांच्या जांघेत गाठी उठल्या, ही बातमी रेडिओवर आली आणि चार दिवसांत भोकरदन तालुक्यातलं गाव न् गाव हादरलं. आमचं गाव धावड्यापासून दोन कोसांवर. शाळेला सुट्टी मिळाली. जालन्यातल्या औषधाच्या दुकानांत प्लेगवरच्या गोळ्या मिळेनात. पारावरचे म्हातारे आपल्या लहानपणीचा प्लेग सांगू लागले: गावं कशी ओस पडली, माणसं माळावर पालं ठोकून कशी राहिली. ऐकणाऱ्यांना दोन घास कमी जाऊ लागले.

ग्रामपंचायतीनं देवळाच्या भोंग्यावरून सांगितलं की, बुधवारपासून सलग तीन दिवस घरोघर उंदराचं औषध ठेवायचं. भुजंग पंचायतीचा मेंबर, आमच्या गल्लीची जबाबदारी त्याच्यावर. गल्लीत मांजर एकच, आणि तेही त्याच्या भिंतीला भिंत असलेल्या घरात.

साळूबाईचा लेक श्रीपती खांद्यावर खुरपं टाकून बाहेर आला. "माय, भुजंग म्हणतो ते बिलकुल खोटं न्हाई. औषध खाल्लेला उंदीर तिनं खाल्ला तरी ती मरनारच हाये."

साळूबाईनं ओसरीतल्या बाजेकडं पाहिलं. बाजेवर तिचा नवरा रखमाजी उताणा पडला होता. त्याच्या पायाशी कवडी झोपली होती. पांढरी, पाठीवर काळे ठिपके.

"तिला न्हेली तर ह्यांच्या पोटात अन्न कोन घालील? तू?" ती म्हणाली.

ती असं का म्हणते, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

नऊ वर्षांमागं रखमाजीच्या घरात बियाची कणगी उंदरांनी खालून फोडली होती. पेरणीसाठी जपलेली ज्वारी, तिचा निम्मा भुसा झाला. रखमाजी धावड्याच्या बाजाराला गेला आणि येताना पटक्यात गुंडाळून बोटभर शेपटीचं पिल्लू घेऊन आला. साळूबाईनं कापसाची वात शेळीच्या दुधात बुडवून ते जगवलं. पुढच्या मिरगाला कणगी उघडली तर दाणा न् दाणा शाबूत. त्या दिवशी रखमाजी जेवायला बसला, भाकरीचा पहिला तुकडा दुधात कुस्करला आणि तो मांजरीपुढं ठेवला.

"बी हिनं राखलं," तो म्हणाला, "मंग पहिला घास हिचाच."

तेव्हापासून रोज तसंच. घरात पाहुणा असो, सण असो, कवडीचा घास निघाल्याशिवाय रखमाजी ताटाला हात लावत नसे. तिची मातीची परळ वेगळी होती. सकाळी शेळीचं कोमट दूध, दुपारी दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकर. बाजरीची तिला चालत नसे. वास घेऊन ती सरळ निघून जायची आणि रखमाजी हसायचा, "पाटलीनबाई हाये आपली."

या प्लेगच्या चार महिने आधी, वैशाखात त्याला वखरावरच लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. "बा... बा..." एवढाच आवाज उरला. जालन्याच्या दवाखान्यातून घरी आणल्यावर दोन दिवस त्यानं तोंड उघडलं नाही. सून बेबीनंदानं पेज भरवून पाहिली, ती ओठातून खाली आली. श्रीपती चिडला, मग रडला. तिसऱ्या दिवशी साळूबाईच्या ध्यानात आलं. तिनं दुधातला तुकडा रखमाजीच्या डाव्या हातात दिला. त्यानं हात बाजेखाली सोडला. कवडीनं त्याची बोटं चाटूनपुसून साफ केली. आणि मग रखमाजीनं तोंड उघडलं.

म्हणून साळूबाई भुजंगला म्हणाली, "तीन दिस न? तीन दिस म्या तिला बांधून ठिवते. तिच्या तोंडाला उंदीर लागू देत न्हाई."

"मांजर कुठं बांधून राह्यतं काकू?"

"माझ्या घरचं राह्यतं."

"सुटलेली दिसली तर मंग मला बोलू नका," असं म्हणून भुजंग गेला.

बुधवारी सकाळी साळूबाईनं जुन्या लुगड्याचा काठ फाडला. एक टोक कवडीच्या गळ्यात घातलं, दुसरं बाजेशेजारच्या खांबाला बांधलं. आत कोठीत बांधली असती तर रखमाजीला दिसली नसती, म्हणून खांबाला. गाठ तिनं हातच्या सवयीनं मारली. ती बैलाची गाठ होती. कितीही ओढली तरी घट्ट बसते, पण मोकळं टोक एका हातानं खेचलं की सुटते. एका हातात कासरा असताना दुसऱ्यानं दावं सोडता यावं म्हणून शेतकरी तशीच बांधतो. लग्न होऊन आली तेव्हा रखमाजीनंच तिला ती शिकवली होती.

पहिल्या दिवशी कवडीनं काठ ओढून पाहिला आणि बसून राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं दुधाला तोंड लावलं नाही. गळ्याखालचे केस झडले. तिचा आवाज चार घरं ऐकू जाऊ लागला. रखमाजी मान वळवून तिच्याकडं बघत राहायचा आणि "बा... बा..." करायचा.

"आजचा अन् उंद्याचा दिस," साळूबाई त्याला समजावायची. "तिच्याच भल्यासाठी हाये. तुमी नका जीवाला लावून घेऊ."

शुक्रवारी कपाशीत खुरपणीला माणूस कमी पडलं. साळूबाई, श्रीपती, बेबीनंदा तिघंही शेतात गेली. साळूबाईनं जाताना रखमाजीला भरवलं, कवडीपुढं परळ ठेवली आणि दार ओढून घेतलं. आभाळ स्वच्छ होतं, ऊन चरचरत होतं, रान अजून ओलं होतं. दुपारी तीनच्या सुमारास ती त्यांच्या पुढं घरी आली.

दार ढकललं तर ओसरीत आवाज नव्हता.

खांबाला काहीच नव्हतं. लुगड्याचा काठ जमिनीवर पडला होता आणि त्याचं एक टोक बाजेवर, रखमाजीच्या डाव्या हाताखाली होतं. गळ्याचा फास ढिला करून काढलेला. रखमाजी माळवदाकडं बघत होता. तिच्याकडं बघत नव्हता.

मागून बेबीनंदाचा पाय वाजला. साळूबाईनं काठ चटकन उचलून कंबरेला खोचला.

"आत्याबाई, मांजर कुठं गेलं?"

"सुटली. गाठ म्याच ढिली मारली व्हती."

"आता काय म्हनावं तुमाला! तीन दिस झाले असते आज सांजला. एवढी कशी गाठ मारता येईना!"

"न्हाई आली मारता."

श्रीपतीला ती कडब्याच्या गंजीमागं सापडली. जीव होता. तोंडाला फेस होता, मागचे पाय ताणले जात होते. साळूबाईनं तिला पदरात घेतलं, ताक पाजून पाहिलं, ते नाकातून परत आलं. दिवेलागण व्हायच्या आत सगळं संपलं. श्रीपती खड्डा करायला बांधावर निघाला तशी साळूबाई मूठभर मीठ घेऊन त्याच्याबरोबर गेली. बोरीखाली पुरल्यावर तिनं त्याला सांगितलं, "बापाला सांगू नको. तुझ्या बायकूलाबी बजावून ठिव."

"न्हाई सांगत. पण माय, गाठ तू ढिली मारली व्हती? तू?"

"व्हय. म्या."

घरी आली तर भुजंग पायरीशी उभा. या वेळी त्यानं पायरीवर पाय ठेवला नव्हता.

"ऐकलं म्या," तो म्हणाला. "काकू, मारायला न्हेनार नव्हतो तिला. धावड्याला माझ्या बहिणीकडं सोडनार व्हतो. म्हैनाभरानं परत आनून दिली असती."

"मंग तसं बोलला कामून न्हाईस, भुजंगा?"

"तुमी बोलू कुठं देल्लं?"

साळूबाईनं मान हलवली. त्यानं सांगितलं ते खरं होतं.

त्यानंतर अकरा दिवसांनी सरकारी गाडी पांढरी पावडर घेऊन आली. घराघरांच्या कोपऱ्यात ती फवारताना एक कर्मचारी म्हणाला, आधी पावडर मारून पिसवा मारायच्या असतात, उंदीर त्याच्यानंतर. आधी उंदीर मारले तर पिसवा माणसांवर येतात. तुमी उलटं केलं. लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. गावात ताप दोघांना आला, दोन्ही साधे निघाले. प्लेग आमच्या गावाकडं फिरकलाच नाही. दसऱ्यापर्यंत शाळा पुन्हा भरली होती आणि लोक दुसऱ्या गोष्टी बोलत होते.

रखमाजीनं मात्र त्या शुक्रवारच्या रात्रीपासूनच तोंड मिटलं होतं.

"हिंडायला गेली हाये," साळूबाई सांगायची. "तीन दिस कोंडली व्हती, आता येईल का लगीच? रुसली आसंल." तो डोळे मिटून घ्यायचा. शनिवार गेला, रविवार गेला. डाव्या हातात तुकडा दिला तर त्याची बोटं उघडायची नाहीत. सोमवारी सकाळी तिनं परळ राखेनं घासली, धुतली, दूध ओतलं, भाकर कुस्करली आणि ती दाराच्या आडोशाला अशी ठेवली, की बाजेवरून नुसती कड दिसावी. मग ती वाकून उभी राहिली.

"आली का गं भवाने? बघा, आली तुमची पाटलीनबाई. खाय, खाय. आवं, कशी खाऊन राह्यली बघा! तुमच्याकडं पाठ करून बसलीय. राग हाये अजून."

रखमाजी दाराकडं बघत राहिला, पुष्कळ वेळ. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी गळून कानात गेलं आणि त्यानं तोंड उघडलं.

असं रोज सुरू झालं. सकाळी आणि दुपारी परळ भरायची, दाराआड ठेवायची, मांजरीशी बोलायचं, नवऱ्याला भरवायचं. तो जेवून डोळे मिटून पडला की परळ उचलायची आणि मागच्या दारी कोंबड्यांपुढं रिकामी करायची. परत येताना साळूबाई पदरानं डोळे पुसायची. बेबीनंदा एकदा म्हणाली, "आत्याबाई, किती दिस चालायचं हे? दूध काय वरून पडून राह्यलंय?"

"त्येंचं पोट भरून राह्यलंय न? तेवढे दिस चालंल."

दिवाळी झाली. कापूस फुटला. रखमाजी आता डाव्या कोपरावर भार देऊन थोडा उठत होता. बाजेशेजारी जमिनीवर वाकळ अंथरून द्या अशी खूण करायचा आणि तिथं उतरून बसायचा. कधी भिंतीला टेकून हातभर सरकायचा. साळूबाईला तेवढ्याचंही समाधान होतं.

एका सोमवारी सकाळी तिनं ओसरी शेणानं सारवली. रखमाजीला वाकळेवर बसवून, भरवून, परळ दाराआड ठेवून ती निघाली. वेचणीची घाई होती. परळ उचलायची राहून गेली. अर्ध्या वाटेवर आठवण झाली तशी ती तडक मागं फिरली. कोंबड्या घरात शिरून सांडलवंड करतील आणि त्याला सगळं कळेल, ही भीती.

दार उघडलं. परळ जागच्या जागी होती. रिकामी, चाटून पुसून स्वच्छ.

ती थबकली. गल्लीत दुसरं मांजर नव्हतं. कोंबड्या तर मागच्या दारी उकिरड्यावर होत्या. तिनं खाली पाहिलं. सारवण अजून ओलं होतं आणि ओल्या सारवणावर चिमणीचा पायसुद्धा उमटतो. मांजरीचं पाऊल त्यावर एकही नव्हतं. वाकळेपासून दारापर्यंत एक रुंद, घसटत आलेला पट्टा होता. त्या पट्ट्याच्या कडेनं जागोजाग पाच बोटं उमटली होती. डाव्या हाताची. तसाच पट्टा परत गेला होता.

रखमाजी वाकळेवर भिंतीला टेकून बसला होता. धाप लागली होती. धोतर आणि कोपर शेणानं भरलेलं. पांढऱ्या मिशीच्या टोकाला दुधाचा थेंब होता आणि भाकरीचा एक कण. त्यानं डावा हात उचलून परळीकडं केला.

"बा," तो म्हणाला. "बा... बा."

साळूबाई उंबऱ्यावर बसली.

"कवडी आल्ती वाटतं," ती म्हणाली. "समदं पिऊन गेली. आज तर थेंब न्हाई ठिवला."

त्यानं मान हलवली. व्हय.

मग ती उठली. आधी पदर ओला करून त्याची मिशी पुसली, कोपर पुसलं. नंतर शेणाचा गोळा घेतला आणि दारापासून वाकळेपर्यंतची जमीन पुन्हा सारवली. एकेका बोटाच्या खुणेवरून सावकाश हात फिरवला. तो बघत होता. त्या दिवशी ती वेचणीला गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं परळ घासली, दूध ओतलं, भाकर नेहमीपेक्षा बारीक कुस्करली, त्याला गिळायला जड जाऊ नये एवढी. वरून चिमूटभर साखर टाकली. आणि परळ दाराआड न ठेवता वाकळेपासून हातभरावर आणून ठेवली.

"ये गं," तिनं दाराकडं बघून हाक मारली, आणि टोपलं उचलून शेताला गेली.