आतल्या बाजूचे चार अंक

मित्रांनो, माझ्याकडे नुसतं पाहिलंत तर तुम्ही म्हणाल, हा टायर अजून तरणाबांड आहे. माझ्या खाचांमध्ये तुमच्या करंगळीचं टोक बुडेल. अंगावर ठिगळ नाही, पंक्चर नाही. एका चष्म्याच्या दुकानात, अक्षरांच्या तक्त्याशेजारी मला भिंतीवर टांगलेलं आहे आणि येणारा प्रत्येक जण विचारतो, "अहो, चांगला नवा टायर भिंतीवर कशाला वाया घालवलात?"

मी नवा नाही. मी म्हातारा आहे, आणि तरणा दिसतो हाच माझा गुन्हा आहे.

तुम्ही जुन्या वस्तूंची पुष्कळ रडगाणी वाचली असतील. मोडकी छत्री रडते, पाय तुटलेली खुर्ची रडते. सगळ्यांचं म्हणणं एकच, आम्हाला टाकून दिलं. मला कुणी टाकून दिलं नाही, अशी माझी तक्रार आहे.

माझा जन्म वाफेतला. कारखान्यात मला साच्यात दाबून असं शिजवलं की बाहेर आलो तेव्हा तीन कामगारांनी घाम पुसला आणि चौथ्याने मला मुजरा केला. बरं, मुजरा नाही, शिंकला. पण वाकून शिंकला. तिथेच माझ्या एका कुशीवर चार अंक उमटले: तीन, चार, एक, दोन. म्हणजे बारा सालचा चौतिसावा आठवडा. टायरची ही जन्मतारीख एकाच कुशीवर असते, दुसरी कूस कोरी. एवढं एक लक्षात ठेवा. बाकी माझ्या बढाया विसरलात तरी चालेल.

मी मऊ रबराचा, शर्यतीचा टायर. आमची शर्यत तुम्ही समजता तशी दहा गाड्यांची धक्काबुक्की नव्हे. तिला ऑटोक्रॉस म्हणतात. मोठ्या मोकळ्या डांबरी मैदानावर नारिंगी शंकू मांडायचे, त्यांच्यामधून नागमोडी वाट आखायची आणि एकेका गाडीने घड्याळाशी झुंजायचं. शंकू पडला की दोन सेकंदांचा दंड. भाग घेणारे सगळे हौशी. कुणी बेकरीवाला, कुणी तलाठी, कुणी दाढी करणारा.

मला निवडलं एका चष्मेवाल्याने. आठवडाभर तो लोकांना "आता खालची ओळ वाचा" म्हणायचा आणि रविवारी हातमोजे चढवून गाडीत बसायचा. पण खरं विचाराल तर मला निवडलं त्याच्या थोरल्या बहिणीने. तिने सत्तावीस वर्षं शहराची बस चालवली होती. क्लबात सगळे तिला ताई म्हणत, तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले अध्यक्षसुद्धा. भावाला ती लाडाने आणि टोमण्याने एकाच शब्दात हाक मारायची, 'डोळस'.

टायरच्या दुकानात ती म्हणाली, "रुंद घे, पण इतका रुंद नको की वळताना गाडीच्या अंगाला घासेल. आणि मऊ घे. आपल्याला पकड पाहिजे, आयुष्य नको."

मग तिने अंगठ्याचं नख माझ्या अंगात रुतवलं. माझ्यावर चंद्रकोर उमटली.

"हा घे," ती म्हणाली. माझ्यासारखे चार घेतले. मी मागचा डावा झालो.

पहिल्या वर्षी मी जे पराक्रम केले ते ऐकाल तर तोंडात बोट घालाल. एका वळणावर मी डांबराला अशी मिठी मारली की डांबर वीतभर माझ्याबरोबर पुढे आलं. एकदा एक मुंगी माझ्या खाचेत शिरली, ती वाट चुकून तीन शर्यतींनंतर बाहेर पडली आणि तिने निकाल विचारला. यातलं अर्धं खरं धरा. चषक मात्र खराच मिळाला. चष्मेवाल्याने तो दुकानात मांडला आणि त्या दिवसापासून आम्ही चौघे त्याच्या गळ्यातले ताईत झालो.

शर्यत संपली की तो आम्हाला काढायचा. साबणाने धुवायचा, ब्रशने घासायचा, काळ्या कापडात गुंडाळून दुकानाच्या मागच्या खोलीत ठेवायचा. वर्षाला पाच-सहा शर्यती, प्रत्येक शर्यतीत मोजून चार फेऱ्या. झिजणार कसे? वर्षांमागून वर्षं गेली तरी आमच्या खाचा होत्या तशाच. तो कापड सोडायचा, खाचांवरून बोट फिरवायचा आणि म्हणायचा, "बघा, कसे ठेवलेत!"

मित्रांनो, आता सांगतो त्यातलं मात्र सगळं खरं धरा.

आमच्या जातीला झीज मारते तशी वयही मारतं. कापडाच्या आत, अंधारात, काहीही न करता मी वाळत होतो. रबरातला मऊपणा रोज थोडाथोडा उडून जात होता. वरून काही दिसत नव्हतं. आतून मी लाकूड होत चाललो होतो. म्हणून नवव्या वर्षी, शेवटच्या शर्यतीच्या तोंडावर, क्लबाने नियम केला की सहा वर्षांपुढचा टायर मैदानात उतरवायचा नाही. तो नियम कुणी केला असेल? ताईने. गाड्या तपासणारी तीच. आणि शर्यत चालू असताना मैदानात उभी राहून, पडलेले शंकू पुन्हा जागेवर ठेवणारीही तीच. चालकाभोवती निदान पत्रा असतो. आमच्या भरवशावर उघड्यावर उभी असायची ती ताई.

त्याच वर्षी चष्मेवाल्याचा वर्षाचा चषक एका शर्यतीवर येऊन ठेपला. शेवटची शर्यत जिंकली की तो त्याचा. गाडीला काहीतरी नवं करायचं म्हणून त्याने आमची लोखंडी चाकं बदलून अलॉयची, चकचकीत, हलकी चाकं आणली.

"एकेका चाकामागे तीन किलो कमी, ताई. गाडी उडेल."

"आणि रबर?"

"रबराला काय धाड भरलीय? खाचा बघ की."

"खाचा पाणी फेकायला असतात रे, डोळस. रविवारी पाऊस पाडणारेस का तू?"

"तू ना, बसच चालवायची होतीस जन्मभर."

"बसमध्ये माणसं असतात, बाबा. तुझ्या गाडीत तुझा चषक बसतो."

तो हसला. चाकं मात्र त्याने घेतली, रबर जुनंच ठेवलं. टायर बसवणाऱ्याने आम्हाला लोखंडावरून उतरवलं आणि विचारलं, "साहेब, यांची एक बाजू धुऊन धुऊन तपकिरी पडलीय. दुसरी काळीभोर आहे. कुठली बाहेर ठेवू?"

"काळी. नव्या चाकांवर ते तपकिरी कसं दिसेल?"

अंक तपकिरी बाजूला होते. अशी माझी जन्मतारीख आत गेली, गाडीच्या पोटाकडे.

शनिवारी दुपारी तपासणी झाली. ऊन रणरणत होतं. ताई वही घेऊन आली. नट तपासले, पट्टे ओढून पाहिले, ब्रेक दाबायला लावला. मग माझ्यापाशी आली आणि नेहमीसारखं नख लावलं. मी उन्हात तापलो होतो. नख रुतलं. फार नाही, पण रुतलं. आणि मला काय वाटलं सांगू? अभिमान वाटला! म्हाताऱ्याचा कुणी गाल ओढावा आणि त्याने लाजावं, तसा मी सुखावलो. तेव्हा मी कडक राहिलो असतो तर बरं झालं असतं, पण ऊन मला मऊपणाचं सोंग देत होतं आणि मी ते आनंदाने घेतलं.

"नंबर कुठाय?" ताईने विचारलं.

"आत गेलाय. खालून बघावा लागेल."

"मी शिरू खाली? माझे गुडघे बसमध्येच राहिलेत, माहितीय ना. तूच वाच. डोळ्यांचा डॉक्टर तू."

चष्मेवाल्याने इस्त्रीची विजार घातली होती. त्याने गुडघा वाकवल्यासारखं केलं, जमिनीकडे पाहिलं, तिथे काळं तेल सांडलेलं होतं. तो सरळ झाला.

"पाच वर्षं झाली असतील. फार तर."

"फार तर?"

"फार तर गं."

ताईने वहीत पाच लिहिलं आणि खाली सही केली. तो खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि खरेदीला सोबत असलेल्या ताईलाही नेमकं साल आठवलं नाही. आपल्या लाडक्या वस्तूचं वय आपल्याला कधी नीट आठवतं का?

रविवारची सकाळ गारठलेली होती. कालचं ऊन माझ्या अंगातून पार निघून गेलं होतं. आमच्या आधीच्या गाडीने शेवटच्या वळणावरचा शंकू लोटला होता. ताईने तो जागेवर ठेवला आणि ती मागे सरकू लागली. तिचे गुडघे तुम्हाला माहीतच आहेत, ते सांभाळत, एकेक पाऊल. तेवढ्यात आम्हाला निशाण पडलं. पहिली तीन वळणं आम्ही कशीबशी काढली. हलकी चाकं भिरभिरत होती. चष्मेवाला जोशात होता. शेवटच्या वळणावर त्याने स्टिअरिंग फिरवलं तेव्हा पुढच्या दोघांनी कसंतरी धरलं. माझी पाळी आली. मी डांबराला धरायला गेलो, आणि धरायला माझ्याकडे काही उरलंच नव्हतं.

मऊ रबर वळताना गुरगुरतं. कडक रबर किंचाळतं. मी किंचाळत होतो. तो आवाज ऐकून ताईने मान वर केली. सत्तावीस वर्षं टायर ऐकलेली बाई ती. तिला त्याच क्षणी सगळं कळलं असणार. तिने गाडीकडे पाहिलंच नाही. तिने माझ्याकडे पाहिलं.

गाडीची शेपूट गरकन फिरली. पुढचं मी फारसं सांगत नाही. मी मागचा डावा होतो. ताईपर्यंत सगळ्यात आधी मीच पोचलो.

इस्पितळात तिचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

सोमवारी सकाळी चष्मेवाला क्लबाच्या आवारात आला. तो गाडीखाली शिरला, पाठीवर आडवा झाला, तेलात, त्याच इस्त्रीच्या विजारीने. खिशातून दुकानातलं भिंग काढून माझ्या आतल्या कुशीला लावलं. "तीन," तो म्हणाला. "चार. एक. दोन." मग पुन्हा पहिल्यापासून. जणू तिसऱ्यांदा वाचलं की अंक बदलतील. बराच वेळ तो तिथून बाहेर आला नाही.

क्लबाने चौकशी केली. तो म्हणाला, वय मी सांगितलं. ताईने इस्पितळातून निरोप पाठवला, वहीत पाच मी लिहिलंय, सही माझी आहे, त्याला काही विचारू नका. गाडी विकली गेली. माझ्या तिघा भावांचा कारखान्यात भुगा झाला. मला मात्र त्याने ठेवलं. तपकिरी बाजू बाहेर करून.

आता गिऱ्हाईक येतं, तक्त्यावरची शेवटची ओळ वाचतं. चष्मेवाला म्हणतो, "आता त्या टायरवरचे चार अंक." गिऱ्हाईक डोळे बारीक करून वाचतं. गल्ल्यावर बसलेली ताई म्हणते, "वाचता आले? मग तुमचे डोळे याच्यापेक्षा बरे." गिऱ्हाईक हसतं. तो हसत नाही.

एकदा दुकानात कुणी नव्हतं तेव्हा तो म्हणाला, "ताई, एकदा शिवी तरी दे."

ती म्हणाली, "दिली की तू हलका होशील. हलकं झालेलं काय करतं ते मी पाहिलंय." आणि पावतीपुस्तकात मान घातली.

मित्रांनो, माझी एक विनवणी आहे. मला जपू नका. माझ्यासारखं काही तुमच्याकडे असेल, छान दिसणारं, लाडकं, जुन्या विजयाचं, तर ते कापडातून काढा, उलटं करा आणि जन्मतारीख वाचा. ती नेहमी अवघड बाजूला असते. कपडे मळले तरी मळू द्या.

संध्याकाळी दुकान बंद करताना चष्मेवाला जमिनीवर गुडघे टेकतो. ताईच्या खोट्या पायाचा पट्टा सैल झालेला असतो. तो चष्मा कपाळावर सारतो, अगदी जवळून पाहतो आणि बक्कल लावून देतो.

एवढंच वाकणं. त्या शनिवारी एवढं पुरलं असतं.