वायरमनची काळी बेरेट

मास्तरच्या स्वतःच्या डोक्यावर एक केस नव्हता आणि पोट मात्र दुसऱ्यांच्या केसांवर चालायचं. यावर गिऱ्हाइकांचं जेवढं बोलून व्हायचं तेवढं कधीच होऊन गेलं होतं. "स्वतःची वाट लावलीस, आता आमची लावतोस होय," असं कुणी म्हणालं की मास्तर त्याची मान धरून खाली वाकवायचा आणि मशीन लावायचा. बोलणारा आपोआप गप्प.

टक्कल झाकायला म्हणून त्यानं पहिली बेरेट घेतली. लोकरीची, चपटी, मधोमध भोपळ्याच्या देठासारखं इवलंसं टोक. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या वीस. आता दुकानामागच्या खोलीत दोनशे सहा बेरेटी होत्या.

"डोकं एक आणि टोप्या दोनशे," मास्तरीण म्हणायची. "उरलेल्या कुणाला घालणार आहात?"

पण माणूस पारखी होता, हे तीही नाकारायची नाही. लांबलांबून लोक जुन्या बेरेटी घेऊन भाव विचारायला त्याच्याकडे यायचे. मास्तर बेरेट आधी उलटी करायचा. आत कपाळाला लागते ती पट्टी चामड्याची आहे का, अस्तरावरचा शिक्का वाचता येतोय का, ते बघायचा. मग खिडकीशी जाऊन उजेडात धरायचा. कसरीनं लोकर खाल्ली असेल तर टाचणीएवढी भोकं चमकतात. कुणाची बेरेट तो स्वतःच्या डोक्यावर मात्र कधी घालून बघायचा नाही. घातली की हाव सुटते आणि हाव सुटली की भाव चुकतो, असं त्याचं म्हणणं.

नव्या बेरेटींना तो नावं ठेवायचा नाही. मोरपंखी, राणी, पिवळ्याधमक, घडी घालून खिशात कोंबा, काही होत नाही. फक्त त्यांची लोकर विणून झाल्यावर पुरती आटवलेली नसते. जुन्या लोकांनी गरम पाण्यात साबण घालून ती तुडवून तुडवून अशी केलेली असायची, की विणीचा टाका शोधून सापडू नये. दुकानात काम करताना मास्तर नवीच घालायचा, तपकिरी. केस उडतात, जुनीचं कशाला वाटोळं करा.

तर एका सोमवारी वायरमनची बायको खोकं घेऊन दुकानात आली. वायरमन म्हणजे मास्तरचा तीस वर्षांचा दोस्त, त्यालाही बेरेटींचा नाद. दर पंधरा दिवसांनी केस कापायला यायचा आणि कापून झाले तरी उठायचा नाही. त्याला जाऊन आठ महिने झाले होते.

"भाऊजी, अकरा आहेत," वहिनींनी खोकं खुर्चीवर ठेवलं. "मी लेकीकडे राहायला चाललेय. तिचं घर काडेपेटीएवढं. दहा विकायच्या, किती येतील ते सांगा. काळी नुसती बघून ठेवा, ती मी नेणार. येत्या रविवारी येते."

"काळी," मास्तर म्हणाला.

"तुमचा डोळा आहे तिच्यावर, माहितेय मला. दोनदा मागितलीत त्यांच्याकडे."

"तीनदा."

"बघा. आणि वर तोंड करून सांगताय."

ती काळी बेरेट वायरमनला त्याच्या पहिल्या साहेबानं दिलेली. साहेबाला त्याच्या सासऱ्यानं. म्हणजे तिनं तीन डोकी बघितलेली. चामड्याची पट्टी शाबूत, अस्तरावर सोनेरी शिक्का, आणि असली जाड, मऊ लोकर मास्तरच्या दोनशे सहांत एकीची नव्हती. वायरमन ती बारा महिने घालायचा. तेल, घाम, खांबावरची धूळ, सगळं तिनं पोटात घेतलं होतं.

आता इथं मास्तरची चूक झाली, आणि ती त्याच्यासारख्यालाच होण्यासारखी होती. बाहेरची लोकर न धुता मागच्या खोलीत न्यायची नाही, हा त्याचा नेम. एका टोपीतून कसरीची अंडी आत गेली की दोनशे सहांचा भुगा. म्हणून मंगळवारी, दुकान बंद असतं त्या दिवशी, त्यानं अकराच्या अकरा धुवायला घेतल्या. दहा बादलीत बुडवल्या. काळीसाठी वेगळा थाट. पट्टी उसवली, अस्तर उसवलं, कोमट पाण्यात लोकर तीनदा खळबळली, पाणी चहासारखं झालं ते ओतून दिलं. जेवायच्या मोठ्या थाळीवर ताणून सावलीत वाळवली, मऊ ब्रशनं एकाच दिशेनं विंचरली आणि अस्तर आणि पट्टी जुन्याच भोकांतून सुई घालून परत शिवली. नेमाचं एक सोडा, त्याला ती एकदा नवी झालेली बघायचीच होती. झालीही. काळीभोर, तव्यासारखी गोल.

गुरुवारी वहिनी खोक्याचं झाकण राहिलं म्हणून द्यायला आल्या. मास्तर एकाची दाढी करत होता.

"काळी बघितलीत?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"बघितली. एक नंबर आहे."

"मला नंबराचं काय करायचंय. ती खुंटीवर असली ना की सकाळी उठल्यावर त्यांचं डोकंच दिसतं तिच्यात. मागं टेंगूळ होतं ना, त्याच्यासकट. तीन दिवस खुंटी मोकळी आहे तर घरात चुकल्यासारखं होतंय."

त्या गेल्या. मास्तरचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थांबला तो थांबलाच.

"अहो, अर्धीच ठेवणार का?" गिऱ्हाईक म्हणालं.

दुपारी त्यानं मास्तरणीला काळी दाखवली. तिनं ती हातात फिरवली, आत मूठ घालून बघितली.

"काय झालं ते सांगून टाका त्यांना."

"काय सांगू? तुमच्या नवऱ्याचं डोकं मी मोरीत ओतलं म्हणून?"

"तसंच सांगा. दुसऱ्या कुणाकडून कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"सांगणारच आहे. पण रिकाम्या हातानं नाही सांगवत."

मास्तरणीनं काळी त्याच्या हातात परत दिली. तिला त्याचा स्वभाव ठाऊक होता. दुकानात पाय घसरून पडला तरी पडता पडता कात्री जागेवर ठेवणारा माणूस.

शुक्रवारी तो सुताराकडे गेला आणि डोक्याएवढा लाकडाचा गोळा मागितला.

"डोक्याएवढा म्हणजे? डोकी काय कमी प्रकारची असतात?" सुतार म्हणाला.

"तू अंड्यासारखा काढून दे. पुढचं मी बघतो."

"तुझंच मोजतो की. नाहीतरी रंधा मारूनच ठेवलंय."

गोळा आणून मास्तरनं तो दुकानातल्या खुर्चीच्या पाठीवर, जिथं गिऱ्हाइकाची मान टेकते तिथं, पट्ट्यानं आवळून बसवला आणि हातात कानस घेतली. डोळ्यांना वायरमनचं डोकं नीटसं आठवत नव्हतं. तोंड आठवायचं, बडबड आठवायची, डोकं नाही. मग त्यानं डोळे मिटले आणि केस कापताना धरायचा तशी बोटं धरली. अंगठा कपाळावर, चार बोटं माथ्यावरून मागं. बोटांना सगळं पाठ होतं. तीस वर्षं, वर्षाला चोवीस-पंचवीस वेळा. माथा मधे जरा चेपलेला. उजवी बाजू डावीपेक्षा भरलेली. मागं मानेच्या वर एक आडवी घडी. आणि डाव्या कानामागं, तरुणपणी खांबावरून पडला तेव्हाचं टेंगूळ, अर्ध्या लिंबाएवढं. तिथं कात्री नेहमी उचलून घ्यायला लागायची. बोटं थांबली की तो तेवढंच कानसायचा, परत चाचपायचा. टेंगळासाठी लाकूड कमी पडलं तेव्हा एक तुकडा सरसानं चिकटवला.

शनिवारी गिऱ्हाइकांना त्यानं दुसरी खुर्ची दिली. एक जण त्या लाकडाकडे बघत म्हणाला, "मास्तर, ह्याचं काय करायचंय, दाढी का कटिंग?"

"त्याचं झालंय," मास्तर म्हणाला. "तू बस."

दुकान बंद करायच्या आधी त्यानं किटलीच्या वाफेवर काळी बेरेट धरून ओली मऊ केली, लाकडी डोक्यावर चढवली, डावीकडे कानापर्यंत ओढली, कडेनं नाडी आवळून बांधली. टेंगळावर अंगठ्यानं दाबून दाबून लोकर बसवली. रविवारी सकाळी ती वाळली होती.

वहिनी अकराला आल्या. मास्तर खुर्चीच्या पुढं आडवा उभा राहिला.

"वहिनी, आधी ऐकून घ्या. काळी मी धुतली. थाळीवर वाळवली. त्याच्या डोक्याचा आकार गेला. कसरीची भीती हे एक, आणि मला ती नवी झालेली बघायची होती हे दुसरं. तुम्ही नुसती बघा म्हणाला होतात."

मास्तरीण चहाचे कप घेऊन आली होती, ती दारातच थांबली.

"गेला म्हणजे?" वहिनींनी विचारलं.

"गेला. मग मी परत बसवायला बघितला. तोच आहे असं म्हणणार नाही." तो बाजूला झाला.

खुर्चीवर पाठमोरं डोकं होतं, काळी बेरेट डावीकडे कलती. वहिनी जवळ गेल्या. आधी बेरेटवरून हात फिरवला, मग ती उचलून मास्तरच्या हातात दिली आणि दोन्ही हात लाकडावर ठेवले. हात मागं गेले. डाव्या कानाच्या जागेपाशी थांबले.

"हे जरा मोठं होतं," त्या म्हणाल्या.

"पडला तेव्हा होतं. मग बसलं. शेवटी एवढंच होतं."

"तुम्हाला काय माहीत? चाळीस वर्षं मी त्या टेंगळाला तेल लावलंय."

"आणि तीस वर्षं मी त्याच्या कडेनं कात्री फिरवलीय. एवढंच होतं."

वहिनींनी परत चाचपलं. बराच वेळ.

"असेल," त्या म्हणाल्या. "लेकीकडे कपाट एकच आहे. वर एवढीच जागा आहे. टोपी ठेवा तुम्ही. डोकं द्या मला."

"वहिनी, टोपीसाठीच तर केलं ते."

"टोपी त्यांच्या साहेबाची होती हो. सोडा तो पट्टा."

मास्तरनं पट्टा सोडला. मास्तरणीनं धुतलेला टॉवेल आणून दिला. वहिनींनी डोकं त्यात गुंडाळलं, पिशवीत घातलं. उरलेल्या दहांचं काय ते फोनवर सांगा म्हणाल्या, चहा उभ्या उभ्या प्यायल्या आणि गेल्या. पिशवी त्यांनी हातात न धरता कडेवर घेतली होती.

मास्तरनं तपकिरी काढून काळी डोक्यावर घातली. त्याच्या डाव्या कानामागं रिकामी लोकर फुगून उभी राहिली.

"बसत नाही तुम्हाला," मास्तरीण म्हणाली.

"दिसतंय मला," मास्तर म्हणाला, आणि खुर्चीखाली पडलेला लाकडाचा भुसा झाडायला लागला.