भरलेल्या बाटल्या

टेकडी पेटली त्या सकाळी श्यामराव घाईघाईने खाली उतरत होते आणि त्यांच्या दोन्ही हातांत पाण्याने भरलेल्या बाटल्या होत्या.

नियम त्यांचाच. वारज्याच्या टेकडीवर चढायचं तर दोन बाटल्या भरून, आणि उतरायचं तर दोन्ही रिकाम्या करून. कुणाच्या बाटलीत घोटभर उरलं तरी टोमणा ठरलेला, "अहो, हे काय घरच्या कुंडीला? परत जा वर." बँकेतून रिटायर झालेला, कोथरूडचा, शुद्ध बोलणारा माणूस. मी वाशिमचा. एका आयटी कंपनीच्या गेटवर उभा राहतो. ती नोकरी त्यांनीच लावून दिली. त्याच कंपनीने टेकडीवर झाडं लावायला आमच्या गटाला पैसे दिले होते. मी श्यामरावांना देव मानायचो. आता लाज वाटते, पण मानायचो.

तीनशे बारा झाडं मी पाच उन्हाळे जगवली. दर जानेवारीत त्यांच्याभोवतीचं गवत काढून जाळरेषा करायचो. दहा हात रुंद मोकळा पट्टा, वणवा आला तर तिथेच उपाशी मरतो. यंदा श्यामराव म्हणाले, "वैजनाथ, तुम्ही नका राबू. मी माणसं लावलीत." मी मूर्ख. बरं म्हणालो.

माणसं आलीच नव्हती. गवत गुडघाभर तसंच उभं होतं.

"काका, पाणी नाही घातलं?" त्या सकाळी वाटेत मी श्यामरावांना विचारलं.

"धूर दिसला, मागे फिरलो."

"अन् वनखात्याला फोन?"

"नंबर लक्षात नव्हता हो."

हा नंबर त्यांनी आम्हाला शाळेतल्या पाढ्यासारखा पाठ करून घेतला होता. फोन मी केला. वर तीन ठिकाणांहून एकदम धूर उठत होता. सिगारेटचं थोटूक तीन जागी उड्या मारत नाही.

मी आणि उल्काताईंनी ओल्या फांद्यांनी आग झोडपली. ताई गटाची कागदपत्रं सांभाळतात. तासाभराने वनरक्षक शालू मॅडम माणसं घेऊन आल्या, तेव्हा एकेचाळीस झाडं शिल्लक होती. ताई खाली बसल्या. तोंड काळं, डोळे लाल.

"सोमवारी कंपनीची माणसं झाडं मोजायला येणार होती," त्या पुटपुटल्या. "कागदावर हजार आहेत."

"हजार? खड्डेच तीनशे बारा होते ताई!"

"सही श्यामरावांची आहे."

आता कळलं. न लावलेली सातशे झाडं जाळायची, तर लावलेली तीनशेही जाळावी लागतात. राख कोण मोजतं?

शालू मॅडमनी वही उघडली. "कुणावर संशय?"

इतका वेळ खाली थांबलेले श्यामराव त्याच बाटल्यांसकट माझ्याजवळ सरकले. आवाज तोच, मऊ. "वैजनाथ, विचार करून बोला. आपण गेटवर कुणाच्या शब्दावर उभे आहात?"

"अन् झाडं कुणाच्या शब्दावर उभी होती जी?"

मी नाव सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. जाळरेषा कुणी थांबवली ते सांगितलं. भरलेल्या बाटल्या दाखवल्या. मॅडमनी त्या जप्त करून पंचनाम्यात लिहिल्या.

"साक्षीदार म्हणून तुमचं नाव जाहीर होईल. चालेल?"

"लिहा."

"ताई, तुम्ही?"

उल्काताईंनी श्यामरावांकडे पाहिलं, मग चपलेकडे. "मी आग लावताना कुणाला पाहिलं नाही," म्हणाल्या. खरंच आहे. पाहिलं तर मीही नव्हतं. पण हजाराचा कागद त्यांच्या कपाटात आहे, आणि तो त्या काढणार नाहीत, हे मला त्यांच्या चपलेवरच्या नजरेने सांगितलं.

मंगळवारी गेटवर दुसरा माणूस उभा होता. गटातल्या कुणीही माझा फोन उचलला नाही. श्यामराव म्हणे सांगत फिरतात, "बाहेरून आलेली माणसं, काय बोलायचं."

चौकशी चालू आहे. बोलावलं की जातो, तेच सांगतो.

टेकडीवर आता खेपांवर खेपा कराव्या लागतात. एकेचाळीस झाडं, आणि बाटल्या फक्त माझ्याच.